ऑथेल्लोचा हातरुमाल आणि पंचवीस गुण

शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’ नाटकात एक हातरुमाल आहे. नायकाने बायकोला, डेस्डेमोनाला, दिलेली ही पहिली भेट. तिसऱ्या अंकात तो रुमाल खाली पडतो, तिची सखी एमिलिया तो उचलते आणि आपल्या नवऱ्याला, म्हणजे इयागोला, नेऊन देते. तिथून पुढे संशय, खून, आत्महत्या असा सगळा अनर्थ ओढवतो. या रुमालाची हकिकत ऑथेल्लो दोनदा सांगतो. बायकोला दरडावताना तो म्हणतो की, एका इजिप्शियन बाईने हा माझ्या आईला दिला, याच्या विणीत जादू आहे. शेवटच्या अंकात, डेस्डेमोनाचा जीव घेऊन झाल्यावर, तोच म्हणतो की, हा माझ्या वडिलांनी आईला दिला होता.

मग खरं काय?

इंग्लंडमध्ये सतरा-अठरा वर्षांची मुलं या प्रश्नावर खरोखर डोकं खाजवत बसतात. त्यांच्या अभ्यासक्रमाचं नाव ‘ए-लेव्हल इंग्लिश लिटरेचर’. आपल्या अकरावी-बारावीच्या वयाचा हा अभ्यास, पण तिथे मुलं सहसा तीनच विषय घेतात आणि दोन वर्षं त्यातच मुरतात. तेव्हा एका नाटकातल्या एका रुमालावर आठवडाभर बोलायला वेळ असतो. आणि गंमत म्हणजे, रुमालाच्या दोन हकिकतींत विसंगती आहे एवढं ओळखून फारसे गुण मिळत नाहीत. ती विसंगती नाटकात काय काम करते, हे लिहिलं तर मिळतात.

तिकडे नव्याने गेलेल्या आपल्याकडच्या आईवडिलांचा इथे एक हमखास घोटाळा होतो. सोळाव्या वर्षापर्यंत, जीसीएसईच्या परीक्षेला, बहुतेक सगळी मुलं इंग्रजी भाषा आणि इंग्रजी साहित्य असे दोन्ही विषय करतात. त्यानंतर ते ऐच्छिक होतात आणि त्यांच्या तीन वाटा फुटतात: नुसती भाषा, नुसतं साहित्य, किंवा दोन्हींचा एकत्र विषय. साहित्य घेतलं म्हणजे इंग्रजी ‘सुधारेल’ असं समजणाऱ्यांनी ही अपेक्षा आधीच सोडावी. व्याकरण, पत्रलेखन, सारांशलेखन यांतलं इथे काही नाही. भाषा आधीच येते असं गृहीत धरून पुढचं काम सुरू होतं.

प्रश्नपत्रिका काढणारी चार मोठी मंडळं आहेत: एक्यूए, ओसीआर, पिअर्सन एडेक्सेल आणि एडुकास. शाळा त्यांतलं एक निवडते. चारही मंडळांवर ऑफक्वल या सरकारी नियामकाची नजर असते, त्यामुळे पुस्तकं वेगवेगळी असली तरी चौकट एकच. किमान आठ पुस्तकं अभ्यासायची. त्यांतली तीन १९००च्या आधीची हवीत, त्या तिनांत शेक्सपिअर हवाच. एक तरी २००० नंतर पहिल्यांदा प्रसिद्ध झालेलं किंवा रंगमंचावर आलेलं हवं. आणि कविता, गद्य, नाटक हे तिन्ही प्रकार हवेत. या चौकटीत बरंच काही बसतं. ‘हॅम्लेट’ आणि ‘किंग लिअर’ येतात तसे टेनेसी विल्यम्स आणि मार्गारेट ॲटवूडही येतात. एक्यूएच्या यादीत अरुंधती रॉय यांची ‘द गॉड ऑफ स्मॉल थिंग्ज’ आहे, ओसीआरकडे स्थलांतरितांच्या अनुभवांचा एक स्वतंत्र विषय आहे आणि त्यात मोहसिन हमीद हा पाकिस्तानी लेखक नेमलेला आहे.

प्रश्न कसा विचारतात, ते पाहिल्याशिवाय हा विषय कळायचा नाही. एक्यूएच्या ‘अ’ अभ्यासक्रमाचा पहिला पेपर तीन तासांचा, पंचाहत्तर गुणांचा असतो. पहिल्या भागात शेक्सपिअरच्या नाटकातला एक उतारा छापलेला असतो आणि त्याच्या डोक्यावर एक ठाम विधान. कोणीतरी म्हणतं की ऑथेल्लो हा दुसऱ्याच्या कारस्थानाचा बळी आहे. या मताच्या संदर्भात शेक्सपिअरने ऑथेल्लोला या उताऱ्यात आणि नाटकात इतरत्र कसं मांडलं आहे, याची चर्चा करा. साधारण या घाटाचा प्रश्न.

यात सगळ्यांत महत्त्वाचे शब्द ‘कसं मांडलं आहे’ हे आहेत. अर्धी मुलं तेवढेच वाचायचे विसरतात. ऑथेल्लो संशयी आहे, भोळा आहे, रागीट आहे, असं ती लिहीत सुटतात, जणू तो त्यांच्या गल्लीत राहणारा गृहस्थ आहे. पण ऑथेल्लो नावाचा माणूस कधीच नव्हता. एका नाटककाराने त्याला काही वाक्यं दिली, काही वेळा गप्प ठेवलं, काही वेळा त्याच्या तोंडची भाषा मोडून टाकली. परीक्षकाला या कारागिरीचा हिशोब हवा असतो. ‘ऑथेल्लो असा वागतो’च्या जागी ‘शेक्सपिअर त्याला इथे असं वागवतो’ असं मनापासून लिहिता आलं की विद्यार्थी एक पायरी चढला, हे तिथल्या शिक्षकांना लगेच कळतं. नुसतं कर्त्याचं नाव बदलून भागत नाही, हेही त्यांना कळतं.

आता त्या प्रश्नाचे पंचवीस गुण कशाला, ते बघू. इंग्लंडभर पाच निकष ठरलेले आहेत आणि एक्यूएच्या या अभ्यासक्रमात प्रत्येक प्रश्नाला ते पाचही लागतात. युक्तिवाद आणि लेखन सुसंगत असण्याला सात गुण. लेखक अर्थ कसा घडवतो याच्या विश्लेषणाला सहा. ती कृती कोणत्या काळात लिहिली गेली आणि पुढे कशी स्वीकारली गेली, याला सहा. इतर साहित्याशी नातं जोडण्याला तीन, आणि एकाच कृतीचे वेगवेगळे अर्थ लागू शकतात याची जाण असण्याला तीन. परीक्षक मात्र सात अधिक सहा अशी बेरीज करत बसत नाही. तो उत्तर सलग वाचतो आणि पाच पट्ट्यांपैकी एका पट्टीत टाकतो. मधल्या पट्टीचं वर्णन ‘सरळसोट आणि विषयाला धरून’ असं आहे, तिला अकरा ते पंधरा गुण. सगळ्यांत वरची पट्टी मर्मदृष्टी आणि आत्मविश्वास असणाऱ्यांसाठी, एकवीस ते पंचवीस. आपल्याकडे प्रत्येक मुद्द्याला अर्धा गुण या हिशोबात वाढलेल्या माणसाला हे हवेत बाण मारल्यासारखं वाटेल. मलाही वाटलं होतं. पण नमुना उत्तरपत्रिका ओळीने वाचल्या की दोन पट्ट्यांतला फरक खरंच दिसतो.

तर हा रुमाल घेऊ आणि त्या निकषांतून नेऊ.

शेक्सपिअरला ही गोष्ट चिंथिओ या इटालियन लेखकाच्या १५६५ सालच्या कथासंग्रहात मिळाली. मूळ कथेत रुमाल चोरीला जातो: खलनायक आपल्या लहान मुलीला नायिकेच्या कडेवर देतो आणि ती पोरीचे लाड करत असताना कमरेचा रुमाल हळूच काढून घेतो. शेक्सपिअरने ही चोरी काढून टाकली. त्याच्या नाटकात ऑथेल्लोचं डोकं दुखतंय, डेस्डेमोना ते रुमालाने बांधायला जाते, तो म्हणतो की हा फार लहान आहे, आणि रुमाल खाली पडतो. दोघांनाही त्याचं भान राहत नाही. म्हणजे ज्या क्षणी ती त्याची काळजी घेते आहे, नेमक्या त्याच क्षणी तिच्याविरुद्धचा ‘पुरावा’ तयार होतो. चोरीच्या जागी माया आणि योगायोग आणल्यामुळे दोष कोणाचा, हा प्रश्न अवघड होतो, आणि परीक्षेतलं ते ‘बळी’वालं विधानही. असं लिहिणाऱ्या मुलीने नाटकामागचा इतिहास सांगितला, पण तो तिच्या युक्तिवादाच्या कामी लावला.

मग त्या दोन हकिकती. एक वाचन असं, की जादूची गोष्ट ऑथेल्लोने बायकोला धाक घालायला रचली. दुसरं असं, की ती खरीच असेल, आणि शेवटी व्हेनिसच्या लोकांसमोर उभा असताना तो, बाहेरून आलेला मूर, आपलं परकेपण झाकायला साधी, त्यांना पटेल अशी हकिकत सांगतो. दोन्ही अर्थ लागतात. इथे समीक्षकांना बोलावता येतं. ए. सी. ब्रॅडलींनी १९०४ साली ऑथेल्लोला उदात्त नायक ठरवलं, तो इयागोच्या कपटामुळे कोसळतो असं मांडलं. एफ. आर. लीव्हिसना ते अजिबात पटलं नाही. त्यांनी १९३७ मध्ये लिहिलं की ऑथेल्लो स्वतःच्याच प्रतिमेच्या प्रेमात आहे, इयागोला फारसे कष्ट पडतच नाहीत. त्याच्याही खूप आधी, सतराव्या शतकाच्या अखेरीस, टॉमस रायमर या टीकाकाराने एका रुमालावर एवढी मोठी शोकांतिका उभी करणं म्हणजे चेष्टा आहे, असं म्हणून नाटकाची यथेच्छ टर उडवली होती. अठरा वर्षांच्या मुलाने रायमरला खोडून काढायचं, आणि तेही दिलेल्या वेळेत, हा या परीक्षेतला मला सर्वांत आवडणारा भाग आहे.

नाटक कसं स्वीकारलं गेलं, याचाही धागा आहे. १८३३ साली लंडनच्या कोव्हेंट गार्डन नाट्यगृहात आयरा आल्ड्रिज हा कृष्णवर्णीय अमेरिकन नट ऑथेल्लो म्हणून उभा राहिला, तेव्हा वर्तमानपत्रांतून विखारी टीका झाली आणि दोन प्रयोगांतच त्याला थांबावं लागलं. आपल्याकडे गोविंद बल्लाळ देवलांनी १८९० मध्ये ‘झुंझारराव’ लिहिलं, तेव्हा व्हेनिसचा मूर मराठी मुलखात आला, डेस्डेमोनाची कमळजा झाली. देवल एक्यूएच्या अभ्यासक्रमात नाहीत, पण लेस्टरमध्ये किंवा लंडनमध्ये वाढणाऱ्या एखाद्या मराठी मुलाने हा संदर्भ मुद्द्याला धरून वापरला, तर निकष त्याला आड येत नाहीत.

बहुतेक उत्तरं इतकी रंगत नाहीत, हेही सांगायला हवं. दोन खोडी परीक्षकांच्या अहवालांत वर्षानुवर्षं येतात. पहिली, अलंकार मोजण्याची. इथे अनुप्रास आहे, तिथे रूपक आहे, इथे तीन विशेषणं ओळीने आली आहेत. पुढे काय, ते सांगायचंच नाही. दुसरी, इतिहासाचं गाठोडं आणून टाकण्याची. व्हिक्टोरियन काळात बायकांना हक्क नव्हते, हे वाक्य हार्डीच्या कादंबरीवरच्या हजारो उत्तरांत येतं आणि बहुतेकदा त्याचा कादंबरीतल्या कोणत्याही वाक्याशी संबंध नसतो. जीसीएसईला मुलांना मुद्दा, पुरावा, स्पष्टीकरण अशा ठरीव साच्यात परिच्छेद लिहायला शिकवतात. दोन वर्षांनी तोच साचा त्यांना काचतो आणि तो मोडायला शिकवताना शिक्षकांचं पहिलं सत्र निघून जातं.

एक्यूएच्या त्याच पहिल्या पेपरचा दुसरा भाग अनसीन, म्हणजे पूर्वी न वाचलेल्या दोन कविता. कवितेखाली नाव असतं, पण पाठीशी गाईड नसतं, वर्गातली चर्चा नसते. हा प्रकार कुठून आला, त्याचं मूळ बऱ्याच अंशी केंब्रिजमध्ये आहे. आय. ए. रिचर्ड्स हे तिथले अध्यापक १९२०च्या दशकात विद्यार्थ्यांना कवींची नावं काढून कविता वाटत आणि त्यांचे अभिप्राय लेखी मागत. अशा तेरा कवितांवरच्या प्रतिक्रिया त्यांनी १९२९ साली ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ या पुस्तकात छापल्या. इंग्लंडमधली उत्तम शिकलेली मुलं नाव झाकल्यावर कवितेचा सरळ अर्थही चुकवतात, थोर कवीला नाक मुरडतात आणि सुमार कवितेवर लट्टू होतात, हे त्या पुस्तकात उघडं पडलं. त्यातून ओळन् ओळ जवळून वाचण्याची जी शिस्त आली, ती पुढे शाळेपर्यंत झिरपली. तिसऱ्या भागात एक कादंबरी आणि कवितांचा संच यांची तुलना असते. तिथे पुस्तकं सोबत नेता येतात, पण समासात एक अक्षरही खरडलेलं चालत नाही.

वीस टक्के गुण परीक्षेबाहेर आहेत. एक्यूएत हा अडीच हजार शब्दांचा स्वतंत्र निबंध: दोन पुस्तकं विद्यार्थ्याने स्वतः निवडायची, त्यातलं एक १९००पूर्वीचं, आणि त्यांच्यातला धागाही स्वतः शोधायचा. शाळेतले शिक्षक तपासतात, मंडळ नमुने मागवून पडताळणी करतं. चॅटजीपीटी आल्यापासून या निबंधाचं काय करायचं, ही तिथल्या प्रत्येक स्टाफरूममधली डोकेदुखी झाली आहे. मंडळांच्या संयुक्त परिषदेने २०२३ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वापराबद्दल नियमावली काढली. पण ज्या शिक्षकाने मुलाचा पहिला कच्चा मसुदा वाचलेला असतो त्याला जे कळतं, ते नियमावलीला कळत नाही.

ए-लेव्हल ही परीक्षा मुळात १९५१ सालची. त्याआधी १९१८ पासून हायर स्कूल सर्टिफिकेट होतं. ए ते ई या श्रेणी १९६३ मध्ये आल्या, त्यांच्या डोक्यावर ए-स्टार २०१० मध्ये बसला. २००० नंतर अभ्यासक्रमाचे तुकडे करून दर सहामाहीला परीक्षा घेण्याचा प्रयोग झाला. मुलं तोच तुकडा पुन्हा पुन्हा देऊन गुण वाढवू लागली. २०१५ पासून शिकवायला घेतलेल्या नव्या अभ्यासक्रमात हे बंद झालं. आता दोन वर्षांचं सगळं शेवटच्या मे-जूनमध्ये.

पण इंग्रजी साहित्य हा ‘विषय’ त्याहून जुना आहे, आणि त्याचा एक पाय आपल्या अंगणात आहे. गौरी विश्वनाथन यांनी ‘मास्क्स ऑफ कॉन्क्वेस्ट’ या १९८९च्या पुस्तकात दाखवलं की इंग्रजी साहित्य हा अभ्यासाचा विषय म्हणून इंग्लंडच्या आधी हिंदुस्थानात रुजवला गेला. १८१३च्या सनदी कायद्यानंतर कंपनी सरकारला शिक्षणावर खर्च करणं भाग होतं, पण उघड धर्मप्रसार परवडणारा नव्हता. तेव्हा बायबलऐवजी शेक्सपिअर आणि मिल्टन हाती धरले गेले. १८३५ मध्ये मेकॉलेच्या टिपणीने ते धोरण पक्कं केलं, १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ निघालं. आणि ऑक्सफर्ड? तिथे इंग्रजीचा स्वतंत्र विभाग १८९४ मध्ये सुरू झाला. केंब्रिजमध्ये तर १९१७ उजाडलं. तोवर अभ्यास करावा तो ग्रीक-लॅटिनचा, इंग्रजी काय कोणीही वाचतो, असंच तिथल्या विद्वानांचं म्हणणं होतं. आगरकरांनी ‘हॅम्लेट’चं ‘विकारविलसित’ केलं ते १८८३ साली. म्हणजे पुण्यातला एक तरुण शिक्षक शेक्सपिअरशी झटत होता तेव्हा ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्याला इंग्रजीत पदवी घेण्याची सोय नव्हती. एडेक्सेलच्या आजच्या यादीत ‘वसाहतवाद आणि त्याचे पडसाद’ असा एक विषय आहे, त्यात फॉर्स्टरची ‘अ पॅसेज टू इंडिया’ वाचतात. वसाहतीला आकार द्यायला निघालेला विषय आता वसाहतीचाच अभ्यास करतो.

आणि नेमका आता तो ओसरतो आहे. २०२२ मध्ये इंग्रजी साहित्य ए-लेव्हलच्या पहिल्या दहा लोकप्रिय विषयांतून प्रथमच बाहेर पडलं. दोनच वर्षांनी गणिताला बसणाऱ्यांचा आकडा लाखाच्या वर गेला. विद्यापीठाची फी २०१२ मध्ये वर्षाला नऊ हजार पौंडांपर्यंत गेल्यापासून पदवीने काय मिळणार, हा प्रश्न घराघरांत विचारला जातो आणि साहित्याकडे त्याचं झटपट उत्तर नाही. शिक्षक दुसरंही कारण सांगतात: सोळाव्या वर्षीच्या नव्या परीक्षेत पुस्तक बंद करून अवतरणं पाठ करावी लागतात, आणि त्यातच पुष्कळ मुलांची हौस मरते. मला हे दुसरं कारण जास्त खरं वाटतं. पाठांतराने विटलेल्या मुलाला पुढे विचार करायला मिळणार आहे, हे कळायच्या आतच त्याने विषय सोडलेला असतो.

मुंबई-पुण्याच्या ज्या शाळांत केंब्रिज इंटरनॅशनलचा अभ्यासक्रम आहे, तिथे याच कुळातला ‘लिटरेचर इन इंग्लिश’ हा विषय घेता येतो. त्यात दोन-दोन तासांचे चार पेपर आहेत, घरचा निबंध नाही, आणि भारतासाठी मार्चमध्ये वेगळी परीक्षा होते. तिथेही शेक्सपिअर चुकत नाही आणि अनसीनही चुकत नाही.

घरातल्या कोणाला हा विषय घ्यावासा वाटत असेल, तर गाईडांच्या दुकानात जाण्याआधी एक करा. मंडळांच्या संकेतस्थळांवर जुन्या प्रश्नपत्रिका आणि परीक्षकांचे अहवाल फुकट मिळतात. त्यातली अनसीन कविता छापून घ्या आणि मुलाला कवितेत काय आहे ते विचारू नका, ती कविता ते कसं सांगते, एवढंच विचारा. वीस मिनिटांनी तो अजून बोलत असेल, तर फॉर्म भरायला हरकत नाही.